उंबऱ्यापुढचं अक्षर

खोली दाखवण्याआधी त्यांनी मला चपला काढायला सांगितल्या. घरात शिरताना चपला काढायच्या असतात एवढं मलाही कळत होतं, पण इथं हेतू वेगळा होता. "आता पाय दावा," म्हणाले. मला वाटलं थट्टा करताहेत. ते माझ्यापुढं उकिडवे बसले, एकेक पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्यांत बघितलं, टाचा दाबून पाहिल्या आणि उठताना म्हणाले, "पाय बरं हायेत. ऱ्हावा." भाडं किती, मी कुठला, जेवणाचं काय, हे सगळं त्यानंतर निघालं, तेही काकूंनी आतून विचारलं म्हणून.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. जुन्नरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायला मी सोलापूरकडून आलो होतो. ज्यांच्या घरी राहिलो ते फौजेतून निवृत्त झालेले. गावात त्यांना मेजर म्हणत. पलटणीतून परत आलेला कोणीही माणूस आपल्याकडे मेजरच असतो, पण यांना ते खपत नसे. "मेजर" अशी हाक आली की आधी "लान्स नाईक" अशी दुरुस्ती करायची आणि मग ओ द्यायची, असा त्यांचा नेम होता. ती दुरुस्ती गावात कोणी कधी मनावर घेतली नाही. मीही त्यांना मेजरच म्हणायचो आणि इथंही तेच म्हणणार आहे.

पाय हे त्यांचं मोठंच प्रकरण होतं. पावसाळ्यात शाळेतून भिजून आलो की डोकं पुसायच्या आधी पाय पुसायला लावायचे. ओले मोजे दोरीवर दिसले तर स्वतः चुलीपाशी नेऊन वाळवायचे, आणि मोज्यांना धुराचा वास येतो म्हणून मी कुरकुरलो तर ऐकू न आल्यासारखं करायचे. एकदा शाळेनं त्यांना सव्वीस जानेवारीला बोलावलं. खटपट माझीच होती. मुलांना लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळतील, असं मी मुख्याध्यापकांना पटवलं होतं. मेजर इस्त्रीचा कोट घालून, छातीवर पदकं लावून आले. झेंड्याला सलामी झाली. माइकपुढं उभे राहिले, सगळ्या मैदानावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "मोजे कोरडे ठेवत जा." एवढं बोलून जागेवर जाऊन बसले. मुलं हसली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं जे पाहिलं ते मला पुढचे कितीतरी दिवस पुरलं.

बर्फाशी त्यांचं वाकडं होतं. घरात फ्रीज नव्हता आणि घेऊही दिला नाही. मे महिन्यातही कोमट पाणी प्यायचे. लग्नाच्या पंगतीत कोणी सरबताच्या पिंपात बर्फाची लादी सोडली की मेजर पानावरून उठून बाहेर जाऊन उभे राहायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचे दात गेलेत. दात तर ऊस सोलून खाण्याइतके शाबूत होते.

पण त्यांची खरी प्रसिद्धी होती ती त्या अक्षरासाठी.

दिवस उजाडताना काकू सडा घालून उंबऱ्यापुढं रांगोळी काढायच्या. त्यांचं झालं की मेजर बाहेर यायचे, काकूंच्याच डब्यातली चिमूट घ्यायचे आणि रांगोळीच्या उजव्या अंगाला एक अक्षर काढायचे. वर एक आडवी रेघ. तिच्याखाली दोन्ही कडांना खाली वळलेली दुसरी, मधून उतरणारी एक उभी, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक थेंब. आणि या सगळ्याच्या खाली, डावीकडं दाते केलेली एक फणी. रेघांचा क्रम ठरलेला होता. मध्येच कोणी बोललं, हात हलला, एखादी रेघ आधीची नंतर झाली, तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात पडवीत काढायचे. थंडीतापाने पडले होते तेव्हा अंथरुणातून भिंतीवर बोटाने काढलेलं मी पाहिलंय. काकू म्हणायच्या, "ही माझी सवत हाय, मास्तर. माझ्याआधी तिचंच बगत्यात." हे सगळं हसत चालायचं.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, हे काय आहे. ते म्हणाले, "नाव हाय. माज्या दोस्ताचं. चिनीत लिव्हलेलं."

बासष्टच्या लढाईत ते चीनच्या कैदेत सापडले होते. त्यांच्याबरोबर त्यांचा दोस्तही. तो आंबेगाव तालुक्यातला, घोड नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावचा. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच बरॅकीत राहिलेले. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, त्याच्या घरची माणसं आहेत. तो कैदेतल्या त्या थंडीतच गेला. त्याला मातीआड केला तिथं पहाऱ्यावरच्या चिनी शिपायानं एक लाकडी फळी रोवली. फळीवर काळ्या रंगात हे एकच अक्षर होतं. मेजर म्हणाले, तिथून आणता येण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून हे आणलं. कागद नव्हता, असता तरी राहू दिला असता की नाही कोण जाणे, म्हणून डोळ्यांनी आणलं. आणि डोळ्यांवर भरवसा नाही म्हणून रोज काढायचं. एक थेंब विसरला तर माणूसच विसरला, असं त्यांचं गणित होतं.

गल्लीत या अक्षराबद्दल नाना समज होते. अमावास्येला बाया पलीकडून जायच्या. एकदा शेजारची म्हैस ते तुडवून गेली आणि तिचं दूध आटलं. शेजारी भांडायला आला. करणी केली म्हणाला. मेजर ओट्यावर बसून होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, मानसाचं नाव हाय ते. नावानं म्हस आटत न्हाई. पेंड बदलून बग." शेजारी काय समजायचं ते समजला आणि गेला. म्हैस पुढं पान्हावली की नाही ते मला आठवत नाही.

मी भूगोलाचा मास्तर, म्हणून सकाळी ते मला एक प्रश्न हमखास विचारायचे, "आज हवा काय म्हनती?" मी काहीतरी सांगायचो, आर्द्रता, वाऱ्याची दिशा. ते मान हलवून म्हणायचे, "हवा कुनाच्या बाजूची नसती, मास्तर." हे त्यांचं पालुपद होतं. निवडणुकीत पडलेल्या माणसाला तेच, द्राक्षाच्या बागेवर धुकं उतरलं तरी तेच. मला ते नुसतं म्हाताऱ्याचं बोलणं वाटायचं.

दर वर्षी अक्षय्य तृतीयेला ते दोस्ताच्या गावी जायचे. एका वर्षी सुट्टी होती म्हणून मीही गेलो. एस.टी.नं मंचर, तिथून घोडेगाव, पुढं जीप. दोस्ताची बायको तेव्हा पन्नाशीच्या आसपासची होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा लढाईवर गेला तो गेलाच. मूलबाळ नव्हतं. ती दिराच्या घरीच राहिली, दिराची मुलं तिनं वाढवली. मेजर तिला वैनी म्हणायचे, ती त्यांना भावजी.

कैदेतून सुटून आल्यावर मेजरांनी पहिलं काम केलं होतं ते या गावी येण्याचं. पाथरवटाला बसवून, समोर जमिनीवर काढून दाखवत, त्यांनी ते अक्षर एका काळ्या दगडावर कोरून घेतलं आणि तो दगड तिच्या शेताच्या बांधावर करंजाखाली उभा केला. देह नव्हता, राख नव्हती. हा दगड हेच तिच्या नवऱ्याचं ठिकाण.

अक्षय्य तृतीयेला पितरांना गार पाणी द्यायची रीत सगळीकडं आहे. नवा माठ, वाळा, दहीभात. तिनंही ते सगळं केलं. माठातलं पाणी दगडावर हळूहळू ओतलं. मग पांढऱ्या धडप्याची एक पट्टी त्याच पाण्यात भिजवली, पिळली आणि दगडाच्या वरच्या अंगाला, कपाळावर ठेवावी तशी ठेवली. पट्टी सुकली की पुन्हा भिजवायची. दिवस कलेपर्यंत ती दगडापाशी बसून हेच करत होती. मी मेजरांकडं पाहिलं. ते लांब उभे होते. तिनंच मला सांगितलं, "तापात गेलं ना त्ये. भावजी व्हते उशाशी. लई फनफनलं व्हतं म्हनं अंग." आणि पुन्हा पट्टी भिजवली.



त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. थंडीत लेण्याद्रीला परदेशी लोक येतात. गणपतीच्या दर्शनाला आपली माणसं, आणि लेणी बघायला ही. मेजर हवा मोकळी असली की पाटी-पेन्सिल घेऊन पायथ्याच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. चपटा चेहरा दिसला की पाटीवर अक्षर काढून पुढं करायचे. कोणी त्यांना पैसे देऊ केले, कोणी फोटो काढले. सिंहलद्वीपाचे भिक्षू हसून नमस्कार करून गेले. अर्थ विचारायला ते जात नव्हते, अर्थ त्यांना माहीतच होता. त्यांना ते कोणाच्या तरी तोंडून वाचलेलं ऐकायचं होतं. दोस्ताचं नाव त्या भाषेत कसं ऐकू येतं, एवढंच.

त्या रविवारी मी बरोबर होतो. एक छोटी गाडी थांबली. जपानी मंडळी उतरली, सगळी म्हातारी, आणि त्यांच्याबरोबर पुण्याची एक मुलगी, जपानी शिकलेली, त्यांना लेणी दाखवायला आलेली. मेजरांनी पाटी पुढं केली. मुलीनं लगेच वाचलं, "युकी." मेजर पुढं झुकले, म्हणाले, पुन्हा म्हन. तिनं पुन्हा म्हटलं आणि मग आपणहून सांगितलं, "युकी म्हणजे बर्फ, काका. आभाळातून पडतो तो. चिनीतही हेच अक्षर आहे, उच्चार वेगळा."

मेजर हसले. पोरीला नीट येत नसावं असं त्यांना वाटलं. म्हणाले, बाई, हे माणसाचं नाव आहे, जरा त्या आजीला विचार. मुलीनं त्यातल्या एका वयस्क बाईंना बोलावलं. बाई ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या. त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि बोट ठेवत एकेक भाग समजावला, मुलगी मराठीत सांगत गेली. वरची रेघ म्हणजे आभाळ. खाली वळलेली ती ढगाची कड. आत पडताहेत ते थेंब. इथवर झाला पाऊस. खालची ती फणी म्हणजे हात. फार जुन्या काळी तिथं हातात धरलेला खराटा काढत. पुढं लिहिता लिहिता खराटा गळून गेला, हात तेवढा राहिला. खराट्यानं लोटावा लागतो असा पाऊस, म्हणजे बर्फ.

मेजरांनी विचारलं, पण एखाद्या माणसाचं नाव म्हणून लिहिलं असलं तर? मुलगी म्हणाली, जपानात मुलींचं असतं हे नाव. क्षणभर मेजरांचा चेहरा उजळला. मग बाईंनी मान हलवली. परदेशी माणसाचं नाव चिनीत लिहायचं तर उच्चाराप्रमाणे बरीच अक्षरं लागतील, एकानं भागणार नाही. हे कुठं पाहिलं, असं त्यांनी विचारलं. "फळीवर," मेजर म्हणाले. बाई म्हणाल्या, आमच्या डोंगराळ मुलखात रस्त्याकडंला अशा फळ्या लावतात, बर्फ खोल असेल तिथं, माणसानं पाय टाकू नये म्हणून. त्यांनी पाटी दोन्ही हातांनी परत दिली आणि कमरेत वाकल्या. मेजरांनी सलाम ठोकला. तो अगदी कडक होता.

घरी चालत निघालो. कुकडीच्या पुलापाशी ते कठड्यावर बसले आणि एकदाच हसले, कोरडं. म्हणाले, "खराटा तर रोज सकाळी हातात व्हता, मास्तर. कैदेत रस्ता लोटायचं काम आमाकडंच व्हतं." मग त्यांनी मला सगळं सांगितलं. मी ते थोडक्यात लिहितो, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं.

ताप नव्हता. कैद झाल्यावर डोंगरातून चालवत नेलं, त्यात दोस्ताचे बूट भिजले ते सुकलेच नाहीत. मुक्कामाला पोचेपर्यंत पाय काळे पडले होते. पहाऱ्यावरचा पोरगेलासा शिपाई वाईट नव्हता. आपल्या वाट्याचं गरम पाणी आणून द्यायचा. पण तो स्वतःही कुडकुडतच होता. हवा कुणाच्या बाजूची नसते. दोस्त गारठत गेला. शेवटी दोन्ही हात काखेत घालून बसायचा, बोलायचं बंद केलं, आणि एका पहाटे तसाच बसलेला सापडला. जमीन इतकी कडक की पहार लागेना. म्हणून मातीआड केलाच नाही. मेजरांनी आणि त्या शिपायानं मिळून त्याला बर्फाच्या ढिगात ठेवलं आणि वरून बर्फ थापला. शिपायानं कुठूनशी फळी आणून रोवली. मेजरांनी फळीकडं बोट केलं, मग दोस्ताकडं, म्हणजे हे याचं नाव का. शिपायानं मान डोलावली. "म्या काय इचारलं त्ये त्याला कळलंच नसंल," मेजर म्हणाले. उन्हाळा लागायच्या आत यांना सोडून दिलं. बर्फ वितळल्यावर पुढं काय झालं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

गावी आल्यावर त्या पोरसवदा बाईपुढं हे त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी ताप सांगितला. ताप घरातलाच असतो, सगळ्यांना माहीत असतो. तापाने गेला म्हटलं की माणूस अंथरुणावर गेल्यासारखं वाटतं. पुढच्या अक्षय्य तृतीयेला तिनं पट्टी भिजवली तेव्हा त्यांना कळलं की आपण काय करून बसलो. पण तोवर उशीर झाला होता, आणि वर्षागणिक तो वाढतच गेला. मग त्यांनी मनाची एक समजूत घातली. ताप खोटा असेल, पण नाव खरं आहे. तिला एक गोष्ट तरी खरी दिली. त्या एका गोष्टीच्या आधारावर ते इतकी वर्षं तिच्यापुढं उभे राहू शकले होते, आणि तीही त्या दिवशी टपरीवर हातची गेली.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यापुढं अक्षर नव्हतं. काकूंनी रांगोळी काढली, थोडा वेळ डबा तसाच उघडा ठेवला, मग झाकण लावून आत नेला. सवतीचं नाव त्यांनी परत कधी काढलं नाही.

हे तसंच राहिलंही असतं. पण घोड नदीवरच्या नव्या धरणाचं पाणी चढत होतं. दोस्ताच्या गावची खालची शेतं आधीच बुडाली होती, आणि येत्या पावसात बांध, करंज, दगड, सगळंच जाणार होतं. माणसं वरच्या अंगाला नव्या जागी चालली होती. वैनींच्या पुतण्याचा निरोप आला. दगडावरचं अक्षर झिजलंय, नानी, म्हणजे वैनी, म्हणते नव्या जागी नवा दगड करू, चांगला खोल कोरून. तर मेजरांनी अक्षय्य तृतीयेला येताना ते अक्षर कागदावर मोठं काढून आणावं.

मेजरांनी मला विचारलं, काय करू. मी सांगितलं, काढून द्या. तिला तेवढंच समाधान, म्हातारपणी कशाला तिचं मन मोडता. मला अजूनही वाटतं की माझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. काकू चुलीपाशी होत्या. त्या फिरल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "बाईला इचारलंय का कुनी, तिला काय सोसतंय त्ये? तुमीच ठरवताय एवढी वर्सं."

अक्षय्य तृतीयेला आम्ही गेलो. गाव अर्धं उकललेलं होतं. कौलं उतरवून रचलेली, दारांच्या चौकटी भिंतींना टेकवलेल्या. ऊन मी म्हणत होतं. बांधावर पुतण्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून थांबला होता, ट्रॉलीत वैनींचं सामान. पाणी दिल्याशिवाय दगड हलवायचा नाही, असं तिनं बजावलं होतं. पाणी ओतून झालं होतं, पट्टी ठेवून झाली होती. पुतण्यानं मेजरांकडं हात पुढं केला, कागद द्या म्हणून.

मेजरांनी कागद आणला नव्हता. म्हणाले, "वैनी, जरा बसा. बोलायचंय." ती बसली. ते बसले नाहीत. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून, साहेबापुढं खबर द्यावी तसे उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. आधी अक्षराचं, मग बुटांचं, पायांचं, बर्फाचं. बर्फ म्हणजे काय, हे तिला कळेना, तर तेही सांगितलं, कापसासारखा पडतो, मग दगडासारखा होतो. पुतण्यानं ट्रॅक्टर बंद केला. वैनी खाली बघून गवताच्या काड्या मोडत होती.

मग तिनं विचारलं, "म्हंजी ताप न्हवता."

"न्हवता."

"पट्टी ठेवायचे मी. दर वर्साला. तुमी हितंच उभं असायचा."

"व्हय, वैनी."

ती उठली. मला वाटलं आता ही यांना दोन शब्द बोलेल, आणि ते बरोबरच होईल. ती दगडाकडं गेली. वरची ओली पट्टी काढून तिनं बाजूला टाकली आणि पदरानं दगड पुसायला लागली. वरून, कडांनी, अक्षराच्या खाचांतून बोट घालून, पाण्याचा थेंब राहू नये अशी. पुसता पुसता, आमच्याकडं न बघता म्हणाली, "सपनात येत्यात तवा दोनी हात बगलंत घालून बसत्यात. बोलत न्हाईत. मला वाटायचं, रुसलेत."

मेजर मटकन खाली बसले आणि रडले. मीही रडलो. पुतण्या तोंड फिरवून उभा राहिला. रडली नाही ती एकटी तीच. तिला त्या वेळी काम होतं. ट्रॉलीतल्या सामानातून तिनं एक काळं घोंगडं ओढून काढलं, झटकलं, आणि दगडाभोवती गुंडाळून त्याची टोकं खाली नीट खोचली. पुतण्यानं हळूच विचारलं, मग नव्या दगडाचं काय करायचं, पाथरवट तिकडं येऊन बसलाय.

"नवा कशाला?" ती म्हणाली. "जे झालं त्येच लिव्हलंय की ह्येच्यावर."

चौघा-पाचांनी मिळून दगड ट्रॉलीत चढवला, घोंगड्यासकट. वैनी त्याच्याजवळ बसली. ट्रॅक्टर चढाला लागला, तसं तापलेलं वारं घोंगड्याची कड उडवायला लागलं. तिनं एका हातानं कड दाबून धरली. मेजर मागून चालत होते, मान खाली घालून. तिनं ट्रॅक्टर थांबवायला लावला.

"भावजी, मागं का ऱ्हायलाय? वर या. तुमी त्या अंगानं धरा, वारं लागतंय त्येंना."

मेजर वर चढले आणि त्यांनी दुसरी कड धरली.